आलं आधी, गवती चहा शेवटी: सकाळच्या बिनपत्तीच्या चहाची रीत

आमच्या मजल्यावरच्या काकू परवा सकाळी पातेलंच घेऊन दारात उभ्या राहिल्या. "हे बघ गं, रोज असंच होतं. वास कसला म्हणून येत नाही आणि घशाला मात्र ओरबाडतं." पातेल्यात आलं, गवती चहा, तुळस, सालासकट लिंबाच्या फोडी आणि वरून मध, असं सगळं एकदम घालून वीस मिनिटं खळखळा उकळलेलं होतं. सामानात काहीच खोट नव्हती. चुकला होता तो क्रम.

ही चूक बहुतेक घरांत होते, कारण आपल्याला पत्तीच्या चहाची सवय असते. त्यात सगळं एका भांड्यात उकळलं तरी दूध-साखर सांभाळून घेते. बिनपत्तीच्या चहात सांभाळून घेणारं कोणी नसतं. काही जिन्नस उकळल्याशिवाय काही देत नाहीत आणि काही उकळले की दिलेलंही परत घेतात. आलं, दालचिनी, मिरी पहिल्या गटात. गवती चहा, तुळस, पुदिना दुसऱ्या गटात. लिंबू आणि मध यांना तर आचेवर जागाच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आणखी एक घोळ आधी मिटवू. हा काढा नाही. काढा म्हणजे पाणी आटवून चौथा हिस्सा उरवायचा आणि औषधासारखा थोडा प्यायचा. आपण इथे रोज कपभर पिता येईल असं हलकं पेय करतोय. काढ्याची रीत आणि चहाचा कप अशी सांगड घातली, तर त्रास होणारच.

खालची सगळी मापं दोन कपांसाठी आहेत.

१. आलं निवडणं

मंडईत दोन तऱ्हांचं आलं असतं. नवं आणि जुनं. आपल्याकडे लागवड साधारण एप्रिल-मेमध्ये होते आणि पूर्ण तयार झालेलं आलं आठ-नऊ महिन्यांनी, म्हणजे जानेवारीपासून निघायला लागतं. त्याआधी काढलेलं आलं कोवळं असतं: साल पातळ, नखाने निघणारी, आतून फिकट पिवळं, रसाळ, रेषा कमी. जुन्याची साल जाड आणि सुरकुतलेली, तोडताना धागे ओढले जातात आणि वास लगेच नाकात चढतो. भाजीवाल्याला "नवं की जुनं?" असं सरळ विचारा, तो बरोबर सांगतो. भावातही बहुतेक वेळा फरक असतो, जुनं चढं.

चहाला दोन्ही चालतात. पण माप एक नाही. लोक वर्षभर बोटभर तुकडा घालत राहतात. मग थंडीत चहा पाणचट लागतो आणि पावसाळ्यात जळजळीत, आणि दोष जातो आल्याच्या 'क्वालिटी'ला.

हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. कंद टणक हवा, दाबला तर दबता कामा नये. आकाराच्या मानाने जड हवा, हलका लागला तर आतून सुकलेला असतो. आणि पेर मोडल्यावर 'टक्' असा आवाज यायला हवा, नुसतं वाकलं तर शिळं समजा.

फार चकचकीत, एकसारखं पांढरट, मातीचा कणही नसलेलं आलं मी घेत नाही. आलं उजळ दिसावं म्हणून ॲसिडच्या पाण्यातून काढल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. नव्या आल्याची साल मुळातच उजळ असते हे खरं, पण त्याला वासही ताजा असतो. नाकाशी नेऊन आल्याऐवजी दुसराच उग्र वास आला तर ठेवून द्या. थोडी माती लागलेलं आलं घरी आणून धुणं परवडलं.

*सावध:* आंबेहळद दिसायला आल्याच्या फार जवळची असते. घाईत पिशवीत तीच येते. मोडून वास घ्या, कच्च्या कैरीचा आला तर ती आंबेहळद. लोणच्याला छान, चहाला नाही.

२. धुणं आणि साल

आल्याचा अख्खा पंजा नळाखाली धरून धुणं म्हणजे न धुणं. माती बसते ती दोन पेरांच्या बेचक्यात. म्हणून आधी पेरं मोडून सुटी करा, दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, मग जुन्या पण स्वच्छ टूथब्रशने घासा. पाणी बदलून पुन्हा एकदा. चहाच्या तळाशी जी करकर लागते ती आल्याची नसते, मातीची असते.

साल काढायची की नाही यावर घराघरांत वाद आहेत. माझं मत: नव्या आल्याची काढू नका, काढण्यासारखं काही नसतंच. जुन्याची काढा, कारण त्या जाड सालीला मातकट चव असते आणि चहात ती उतरते. सुरीने सोलू नका. चमच्याची कड उलटी धरून खरवडा. सुरीने सालीबरोबर गरही जातो आणि आल्याचा वास सालीला लागूनच्या भागात चांगला असतो.

कापल्यावर आत निळसर-करडं कडं दिसलं तर घाबरू नका. काही आल्यांत ते असतं आणि कंद टणक, वास तिखट असेल तर ते खराब नाही. खराब आलं वेगळं कळतं: मऊ, पाणी सुटलेलं, तपकिरी, कुजका वास. किंवा सालीवर कापसासारखी बुरशी. अशा पेराचा 'चांगला भाग' कापून वापरायची काटकसर इथे नको, अख्खं पेर टाका.

३. माप

वजनकाटा नसला तरी अंगठा आहे. अंगठ्याच्या टोकाकडच्या पेराएवढा तुकडा साधारण ८ ग्रॅमचा भरतो. दोन कपांना:

- जुनं आलं: एक अंगठापेर, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास
- नवं आलं: दीड अंगठापेर, १२ ग्रॅमपर्यंत
- सुंठ पूड: पाव छोटा चमचा, सपाट
- पाणी: अडीच कप, उकळून दोन कप उरतं

सुंठेचं माप बघून हात आखडू नका आणि सैलही सोडू नका. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल नावाच्या द्रव्याचा. आलं सुकताना त्यातल्या काही भागाचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. म्हणून सुंठ जिभेवर उशिरा कळते आणि घशात बराच वेळ राहते. "काहीच लागत नाही" म्हणून आणखी चमचा घातला की पाच मिनिटांनी पस्तावतो.

सोबतीला काय घालायचं ते आताच ठरवा आणि ओट्यावर दोन वाट्यांत वेगळं काढून ठेवा. एका वाटीत उकळायचं: आलं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी दालचिनी, दोन-तीन मिऱ्या. दुसऱ्या वाटीत मुरवायचं: गवती चहाची दोन लांब पाती, तुळशीची चार-पाच पानं. दोन वाट्या करणं वेडेपणाचं वाटेल, पण सकाळी अर्धवट झोपेत हाताला सगळं एकदम टाकायची सवय असते. वाट्या ती मोडतात.

सगळं एकाच दिवशी घालायचा मोहही आवरा. तुळस आणि लवंग यांचा वास बराचसा एकाच द्रव्याचा असतो, युजेनॉलचा. दोन्ही घातल्या तर चहा दातांच्या दवाखान्यासारखा लागतो. तुळस असेल त्या दिवशी लवंग नको. आणि चहा रोजचा असेल तर दालचिनी हात राखूनच घाला. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसियाची, म्हणजे दालचिनीच्याच भावकीतल्या दुसऱ्या झाडाची असते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फार प्रमाणात रोज पोटात जाणं यकृताला बरं नाही.

४. कापायचं, ठेचायचं की किसायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

आल्यातले धागे कंदाच्या लांबीच्या दिशेने जातात. धाग्यांच्या दिशेने लांब काप केले, तर अख्ख्या धाग्यांच्या आत रस अडकून राहतो. आडवे, गोल, पातळ काप केले की प्रत्येक धागा जागोजाग तुटतो आणि रस पाण्यात सहज उतरतो. एवढ्या एका बदलाने तेच आलं जास्त लागतं.

*गोल काप.* दोन रुपयांच्या नाण्याएवढे जाड. बारा मिनिटं उकळावे लागतात. चहा नितळ, सोनेरी, तिखटपणा मऊ. हातात वेळ असेल तर माझी पसंती यालाच.

*ठेचलेलं.* खलबत्त्यात दोन-तीन ठोके, कंद फुटून धागे दिसेपर्यंत. सात-आठ मिनिटं पुरतात. रोजच्या घाईला हे बरं. लगदा करू नका. पाट्यावर वाटणारेही आहेत, पण मग ते वाटण झालं.

*किसलेलं.* चार-पाच मिनिटांत उतरतं, म्हणून लोकांना आवडतं. पण किसल्यावर आल्यातला स्टार्चही मोकळा होतो. आल्याचा रस वाटीत काढून दहा मिनिटं ठेवा, तळाशी पांढरा गाळ बसतो, तोच तो. उकळल्यावर त्याने चहा गढूळ आणि किंचित चिकट होतो. किसायचंच असेल तर ठेचलेल्याच्या निम्माच वेळ उकळा आणि बारीक गाळणी घ्या.

कुठल्याही प्रकारे, आलं पाण्यात टाकायच्या आधी लगेच कापा. रात्री कापून ठेवलेल्या चकत्या सकाळी कडेने सुकलेल्या असतात आणि वास डब्याच्या झाकणाला लागलेला असतो.

*तपासा:* कापल्यावर हाताला चिकट ओल आणि नाकाला झिणझिण आली पाहिजे. दोन्ही नसेल तर आलं शिळं आहे, माप दीडपट करा.

५. उकळणं

स्टीलचं पातेलं घ्या. पितळेचं असेल तर कल्हई शाबूत हवी, आणि लिंबू पिळायचं असेल तर ॲल्युमिनियम टाळा.

अडीच कप पाणी गार असतानाच त्यात आलं घाला. दालचिनी, मिरी असतील तर त्याही आत्ताच. मिरी अख्खी टाकून उपयोग नाही, बत्त्याने एकदा दाबून फोडा. मोठ्या आचेवर पहिली उकळी येऊ द्या. उकळी आली की आच मंद करा, झाकण अर्धवट ठेवा आणि घड्याळ बघा. काप असतील तर बारा मिनिटं, ठेचलेलं असेल तर सात-आठ, किसलेलं असेल तर चार.

बुडबुडे लहान आणि सावकाश हवेत. खळखळा उकळवण्यात फायदा नाही. पाणी आटत जातं, उरलेल्यात तिखटपणा दाट होत जातो आणि आल्याचा ताजा, लिंबाच्या जवळ जाणारा वास वाफेबरोबर निघून जातो. काकूंच्या पातेल्यात नेमकं हेच झालं होतं. स्वयंपाकघरभर सुंदर वास सुटला याचा अर्थ तो कपात उरलेला नाही.

*तपासा:* वेळ संपायच्या जरा आधी चमचाभर घ्या, फुंकर घाला, चाखा. तिखटपणा जिभेच्या शेंड्यावर आणि मग हळूच घशात जाणवला तर झालं. थेट घशात टोचला तर अर्धा कप गरम पाणी वाढवा आणि पुढे जा. काहीच जाणवलं नाही तर आणखी तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. तरीही फिकं असेल तर दोष वेळेचा नाही, मापाचा आहे. उद्या आलं वाढवा.

६. गॅस बंद, आता पानं

गवती चहाची पाती कडेने धारदार असतात, ओल्या हाताने ओढली तर बोट कापतं. टोकं सुकून तपकिरी झालेली असतात ती कातरीने उडवा. पाती एकेक करून धुवा, बुडाच्या वेढ्यात धूळ आणि बारीक किडे असतात. मग दोन-तीन ठिकाणी चुरगाळून गाठ मारा. गाठ मारायची जुनी पद्धत नुसती देखणी नाही: पात दुमडते, फुटते, वास सुटतो आणि गाळताना तुकडे गाळणीत अडकत नाहीत.

आता गॅस बंद करा. मग पाती आणि तुळस आत टाका. झाकण घट्ट लावा. पाच मिनिटं हात लावू नका.

हीच ती जागा जिथे क्रम उलटा होतो. "गवती चहा उकळल्याशिवाय उतरत नाही" असं मलाही शिकवलं होतं. पत्ती-दुधाच्या चहात तो जरा वेळ उकळला तरी चालतो, कारण पत्तीचा कडवटपणा त्याचा कडवटपणा झाकतो. इथे झाकायला काही नाही. त्याचा लिंबासारखा वास उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. तो गेला की मागे राहतो भिजलेल्या गवताचा. तुळशीचं तेच, वर पानं काळी पडतात.

झाकण का घट्ट? झाकणाच्या आतून जे थेंब ठिबकतात त्यांत तोच वास असतो. पाच मिनिटांनी झाकण उचललं की ते थेंब पातेल्यातच झटका, बेसिनमध्ये नाही.

*सावध:* पाचाची दहा मिनिटं झाली तर तुळस कडवट व्हायला लागते. मध्येच फोन आला तर आधी गाळा, मग बोला.

७. गाळणं

सरळ कपात गाळा. चोथा चमच्याने गाळणीवर दाबून पिळू नका. "एवढं आलं वाया कशाला" म्हणून सगळे दाबतात आणि बारा मिनिटं जो गढूळपणा टाळला तो एका दाबात कपात येतो. किसलेलं आलं असेल तर तळाचा घोट पातेल्यातच सोडून द्या.

चोथा पातेल्यात ठेवून "नंतर पिऊ" असं करू नका. थर्मासमध्ये भरायचा असेल तरी गाळूनच भरा. आलं आत राहिलं की ते उतरतच राहतं आणि अकरा वाजता जे ओताल ते ओरबाडणारं असेल.

८. आंबट आणि गोड, कपात

कप हातात धरता येईल इतका निवला की लिंबू पिळा, कपाला पाव फोड पुरे. साल किंवा फोड उकळत्या चहात टाकू नका. लिंबाची साल उकळली की कडू होते, आणि क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं ते वेगळंच.

मधही याच वेळी. मध तापवू नये असं आयुर्वेदात सांगितलं आहे. ते बाजूला ठेवलं, तरी साधा हिशेब हा की उकळत्या पाण्यात मधाचा वास मरतो आणि मग साखर काय वाईट होती? गूळ घालायचा तर गॅस बंद केल्यावर, पानं टाकताना. त्याला विरघळायला तेवढी ऊब लागते. मध आणि गूळ दोन्ही साखरच आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी 'नैसर्गिक' शब्दावर जाऊ नये.

आणि घाईने कढत पिऊ नका. ६५ अंश सेल्सियसच्या वरची फार गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाची शक्यता वाढवणारी असू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं आहे. गाळल्यावर पाच मिनिटं थांबलात तर लिंबू-मधाचंही भलं होतं.

दूध हवंच असेल तर

घरात एक तरी माणूस असतो ज्याला दुधाशिवाय चहा म्हणजे आजारपण वाटतं. मग दूध घातलं जातं, ते फाटतं, आणि दूधवाल्याला बोलणी बसतात. बऱ्याचदा त्याचा दोष नसतो.

ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, झिंगिबेन. साधारण ६० ते ७० अंशांच्या आसपास ते जोरात काम करतं आणि दुधाचं दही व्हावं तसं करून टाकतं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात तर आल्याच्या रसावर गरम दूध ओतून मुद्दाम असं थिजवतात आणि ते मिष्टान्न म्हणून चमच्याने खातात. आपल्या पातेल्यात तेच झालं की आपण कपाळावर हात मारतो.

उपाय क्रमातच आहे. उकळत्या पाण्यात हे एन्झाइम निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात नीट उकळलेलं हवं, किमान चार-पाच मिनिटं. त्यानंतर तापवलेलं दूध घाला, फ्रीजमधलं गार नको. कोमट दुधात आलं किसून मग तापवायला ठेवणं, हा दूध फाटण्याचा खात्रीचा मार्ग. दुधाच्या चहात लिंबू अर्थातच नाही, आणि गूळ गॅस बंद केल्यावरच. गुळानेही दूध फाटतं. सुंठ वापरली तर ही भीती फारशी नसते.

घाईच्या सकाळी

आठवड्याचं आलं एकदाच ठेचून बर्फाच्या ट्रेमध्ये दाबून भरा, वर चमचाभर पाणी, आणि गोठवा. दोन कपांना एक खडा. गोठलेला खडा थेट गार पाण्यात टाकायचा, वितळवत बसायचं नाही. किंवा अख्खं पेर धुऊन, पुसून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेलं आलं किसणीवर भुरभुरीत किसलं जातं, धागे अडकत नाहीत.

नुसतं उकळलेलं, गाळलेलं आल्याचं पाणी बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन दिवस चालतं. सकाळी तापवायचं, गॅस बंद करून पानं टाकायची. पानं घातलेला चहा मात्र साठवू नका.

न कापलेलं आलं ठेवायचं तर कोरडं ठेवा. ओलं आलं प्लास्टिकच्या बंद पिशवीत टाकून फ्रीजमध्ये कोंबलं की चार-पाच दिवसांत बुरशी येते. कागदात गुंडाळून खालच्या खणात ठेवा. गॅलरीत कुंडी असेल तर त्यातल्या जेमतेम दमट वाळूत पुरून ठेवा. लागेल तेव्हा एक पेर मोडायचं. कोंब फुटला तर ते पेर खायला हरकत नाही, पण मी ते तसंच कुंडीत राहू देते.

कोणी जपून

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दिवस गेले असतील तर रोजचा आल्याचा चहा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये. आधी एखादी पोळी किंवा दोन खारका खाऊन मग प्या, आणि आलं निम्मं करा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका, चाटणसुद्धा.

मोठ्यांनाही दिवसाला एक-दोन कप पुरे. सर्दी झाली म्हणून दर तासाला कप भरणाऱ्यांना संध्याकाळी छातीत जळजळते, मग ते आल्याला नावं ठेवतात.

बिघडलाच तर

कपात चव बिघडली तर बहुतेक वेळा कारण यातलंच एक असतं.

कडू लागला: पानं उकळली, किंवा लिंबाची साल आत गेली. त्यावर मध ओतू नका. गरम पाण्याने सारखा करा आणि आलं थोडं कमी लागलं तरी सोसा.

गढूळ आणि चिकट: किस जास्त वेळ उकळला किंवा चोथा दाबला. पाच मिनिटं तसाच ठेवा, वरचं नितळ ओतून घ्या.

मातकट: बेचकी धुतली नाही. यावर इलाज नाही, ओतून द्या.

तिखट आहे पण वास नाही: आच मोठी होती आणि झाकण नव्हतं. अजून गॅसवरून उतरवलं नसेल तर बंद करा, गवती चहाचं एक ताजं पातं चुरगाळून टाका, झाका. निम्मा वास तरी परत येतो.

वास आहे पण तिखट नाही: आलं नवं होतं आणि माप जुन्याचं. किंवा काप लांबट होते. पुन्हा उकळायला ठेवू नका, आता आत पानं आहेत. खलबत्त्यात उरलेल्या आल्याचा रस पिळून थेंबभर कपात घाला.

आणि पातेल्याच्या तळाशी तपकिरी पट्टा दिसत असेल, तर पाणी आटून आलं तळाला लागलंय. दुसऱ्या दिवशी अर्धा कप पाणी जास्त घ्या, नाहीतर पातेलं शेगडीच्या धाकट्या बर्नरवर न्या.